थांबला की थांबवला?

नववीला ‘गतीचे नियम’ शिकवायला घेतले की पहिल्या तासाला मी फळ्याकडे वळत नसे. खिशातून टेनिसचा एक टक्कल पडलेला चेंडू काढायचा, बाकांच्या दोन रांगांमधल्या वाटेत फरशीवरून घरंगळत सोडायचा आणि सगळ्या वर्गाने त्याच्याकडे बघत राहायचं. मागच्या भिंतीच्या हातभर अलीकडे तो रेंगाळायचा आणि थांबायचा. मग माझा प्रश्न: “का थांबला?”

वर्गामागून वर्ग गेले, शहाबादी फरशीच्या जागी टाइल्स आल्या, उत्तर मात्र तेच राहिलं. “त्यातला जोर संपला, सर.”

हे उत्तर मी पहिल्या दिवशी कधीच खोडून काढलं नाही. मुलं डोळ्यांनी जे बघतात ते प्रामाणिकपणे सांगत असतात. सायकलचं पेडल मारायचं थांबवलं की सायकल थांबते, झोका द्यायचा थांबवला की झोका थांबतो, बैल थांबला की गाडी थांबते. यावरून कोणीही शहाणा माणूस एकच निष्कर्ष काढील: चालायला जोर लागतो, थांबायला काही लागत नाही. टाकीत पेट्रोल असावं तसा चेंडूत जोर भरलेला असतो, तो संपला की खेळ संपला. हा निष्कर्ष सपशेल चुकीचा आहे. तो चुकीचा आहे हे माणसाच्या नीट लक्षात यायला मात्र जवळजवळ दोन हजार वर्षं लागली. हे छोटं पुस्तक त्या चुकीबद्दल आहे, आणि ती दुरुस्त झाल्यावर आपल्या रोजच्या जगण्याकडे कसं बघता येतं त्याबद्दल.

या चुकीत आपल्या बोलण्याचाही थोडा हात आहे. ‘चेंडू थांबला’ असं आपण म्हणतो तेव्हा चेंडूला कर्ता करून मोकळे होतो. जणू त्याचा तोच दमला आणि बसला. फरशीने त्याला धरलं, हवेने अडवलं, त्याच्या अंगावरची उरलीसुरली लव जमिनीला घासली, यातल्या कोणाचंच नाव वाक्यात येत नाही. थांबणे आणि थांबवणे, पडणे आणि पाडणे, वळणे आणि वळवणे या जोड्या आपण मराठीच्या तासाला प्रयोजक क्रियापदं म्हणून शिकतो. विज्ञानाच्या तासालाही त्यांची तेवढीच गरज आहे. न्यूटनचा पहिला नियम मला मराठीत एका दमात सांगायचा झाला तर मी असा सांगेन: कोणतीही वस्तू आपणहून थांबत नाही, ती थांबवली जाते. आपणहून निघत नाही, वळत नाही, वेग वाढवत नाही. यातलं काहीही घडलं की समजावं, कोणाचा तरी हात लागला. तो हात शोधायचा, एवढंच काम.

‘जोर संपला’ म्हणणारी मुलं थोरामोठ्यांच्या पंगतीला बसलेली आहेत. ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने हेच गृहीत धरलं होतं की हलणाऱ्या वस्तूला सतत कोणीतरी हलवत राहावं लागतं. मग धनुष्यातून सुटलेल्या बाणाला पुढे कोण ढकलतं? त्याचं उत्तर होतं, हवा. आपल्याकडे वैशेषिक दर्शनाने याच बाणाचा विचार जास्त बारकाईने केला. कणादाच्या सूत्रांमध्ये उखळातल्या मुसळाची चर्चा आहे आणि सुटलेल्या बाणाचीही. पहिली हालचाल प्रत्यंचेच्या रेट्याने, त्यानंतरची बाणात उमटलेल्या ‘संस्कारा’मुळे, आणि तो संस्कार ओसरला की गुरुत्वामुळे पतन, अशी ती मांडणी आहे. पॅरिसमध्ये १४व्या शतकात झाँ ब्युरिदाँने अशाच एका शिदोरीची कल्पना केली, आणि एक पाऊल पुढे टाकलं: ही शिदोरी आपोआप संपत नाही, हवेचा अडथळा आणि वस्तूचं वजन ती खाऊन टाकतात.

न्यूटनचे नियम कणादाने आधीच सांगून ठेवले होते, असा दावा अधूनमधून मोबाइलवर फिरत असतो. दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून वाचल्या की तो टिकत नाही. वैशेषिकांच्या मते बाण पुढे जात राहतो त्याला कारण लागतं, आणि ते कारण बाणातच असतं. न्यूटन म्हणतो, सरळ रेषेत एकाच वेगाने जात राहायला कारणच लागत नाही. पण म्हणून कणादाची थोरवी कमी होत नाही. कांडण कांडणाऱ्या बाईच्या हातातलं मुसळ बघून ‘हे वर का जातं, खाली का येतं’ असा प्रश्न पडणं आणि त्याचं उत्तर पायरीपायरीने लावायला बसणं, ही साधी गोष्ट नव्हे.

जडत्वाची कल्पना हाताशी नसली की किती मोठं सत्य हातचं निसटतं, याचं उदाहरणही आपल्याच परंपरेत आहे. इसवी सन ४९९च्या सुमारास आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं सांगितलं आणि दाखला दिला नावेचा. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. पुढच्याच शतकात वराहमिहिराने आक्षेप घेतला: पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यात परत कसे आले असते? आक्षेप चोख होता. गणित करून बघा. पुण्याच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने धावते आहे. तुम्ही जागच्या जागी फूटभर उंच उडी मारलीत तर अर्धा सेकंद हवेत असता. तेवढ्यात जमीन २२० मीटर पुढे जाते. म्हणजे उडी शनिवार पेठेत मारायची आणि उतरायचं पश्चिमेला नारायण पेठेच्या वाटेवर! तसं होत नाही हे तर दिसतंच आहे. मग पृथ्वी फिरत नाही म्हणायचं, की आपल्याला उडीच नीट समजलेली नाही म्हणायचं?

उत्तर आर्यभटाच्याच नावेत होतं. ते बाहेर काढलं गॅलिलिओने, ११०० वर्षांनी. १६३२च्या त्याच्या ग्रंथात जहाजाच्या पोटातली बंद खोली आहे. तिथे फुलपाखरं उडताहेत, भांड्यात मासे पोहताहेत, टांगलेल्या बाटलीतून थेंब थेंब पाणी खालच्या भांड्यात पडतं आहे. जहाज एकसारख्या वेगाने शांतपणे जात असेल तर आतल्या कशावरूनही ते चालतंय की उभं आहे हे कळणार नाही. फुलपाखराला जहाजाच्या मागे राहायची भीती नाही, कारण जहाजाची गती त्याला आधीपासूनच मिळालेली आहे. घरट्यातून उडालेला पक्षीसुद्धा पृथ्वीची गती अंगात घेऊनच उडतो. १६४० साली पिएर गासांदीने मार्सेलजवळच्या समुद्रात हे करून दाखवलं. चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडला. तो मागे न पडता काठीच्या बुंध्याशी पडला.

गॅलिलिओने दुसरी किल्ली शोधली ती उताराची. एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत जातो. चढ कमी तिरपा केला की तीच उंची गाठायला त्याला लांब जावं लागतं. आणखी कमी केला की आणखी लांब. आता चढच नाही, सपाट मैदान आहे, घासणारं काही नाही. मग गोळ्याने थांबायचं कुठे? त्याला थांबायला कारणच उरत नाही. अशी घासणूक नसलेली जमीन गॅलिलिओला मिळाली नाही. आपल्याला मिळाली आहे. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे. त्याला पुढे ढकलणारं इंजिन चालू नाही. अँटेना पृथ्वीकडे वळती ठेवण्यापुरते छोटे फवारे काय ते आहेत. ते जातंय, कारण त्याला कोणी थांबवत नाही.

५ जुलै १६८७ रोजी न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला आणि हे सगळे धागे तीन नियमांत विणले गेले. त्यातल्या ‘इनर्शिया’ या शब्दाची गंमत आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आळस. केपलरने तो द्रव्याच्या जागीच पडून राहण्याच्या वृत्तीसाठी वापरला होता. न्यूटनने शब्द ठेवला, अर्थ बदलला. आपला ‘जडत्व’ हा पारिभाषिक शब्दही तसाच फसवा आहे. जड म्हणजे वजनदार, जड म्हणजे अचेतन, आणि एखादं काम ‘जड जातं’ तेही. हे ऐकून डोळ्यांपुढे येतो तो कोपऱ्यात पडलेला पाटा. पण जडत्व हे आळशाचं लक्षण नव्हे, हट्टी माणसाचं आहे. बसला की उठायचा नाही आणि उठला की बसायचा नाही. जे चाललंय ते बदलू द्यायचं नाही, हाच त्याचा एकमेव हट्ट. आणि हा हट्ट किती मोठा, हे वस्तुमानावरून ठरतं.

हा हट्ट दोन्ही बाजूंनी बघायचा असेल तर जळगावचा रामरथ बघावा. कार्तिकी एकादशीला तो निघतो. जागचा हलवताना माणसांचा केवढा रेटा लागतो ते लांबूनही दिसतं. एकदा चाकं फिरली की ओढणाऱ्यांचे चेहरे सैल होतात, आणि तिथून पुढे खरी जोखीम सुरू होते. चालत्या रथाला वळवायचं कसं, थांबवायचं कसं? ते काम मोगरीवाल्यांचं. चाकाशी वाकून चालणारी ही माणसं नेमक्या क्षणी चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, सरकवतात. मोगरी एका बाजूला लागली की रथ तोंड फिरवतो, दोन्हीकडे लागली की जागेवर येतो. दोर ओढणारे शेकडो असतात आणि सगळ्यांना दिसतात. मोगरी लावणारे मोजके, पण गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घराची भिंत शाबूत राहते ती त्यांच्यामुळे. चालवायला जेवढी अक्कल लागते, त्याहून थांबवायला जास्त लागते, हे न्यूटनचं नाव न ऐकलेल्या माणसांनीही हातांनी शिकून घेतलेलं आहे.

असं हातांना आलेलं शहाणपण घरोघर आहे. कुदळीचा दांडा ढिला झाला की आपण कुदळ उभी धरून दांड्याचं बूड दगडावर आपटतो. दांडा दगडाने थांबवला, लोखंडाला कोणी थांबवलं नाही, म्हणून ते खाली सरकून घट्ट बसतं. जात्यावर दळणारी बाई खुंट्याला सगळा वेळ सारखा जोर लावत नाही. अर्ध्या फेऱ्यात ओढ देते आणि उरलेलं अंतर वरची तळी आपल्या वजनाच्या भरात पार करते. ओवीची लय त्या फेऱ्यावर बसते. सतरंजी झटकताना सतरंजी मागे येते, धूळ पुढेच जाते. यातलं काहीच कोणी ‘गतीचे नियम’ वाचून शिकलेलं नाही.

सगळ्यात चांगली प्रयोगशाळा मात्र एसटी. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली तेव्हापासून महाराष्ट्राने जडत्वाचे धडे उभ्यानेच घेतले आहेत. गर्दीच्या गाडीत कधी कंडक्टरकडे नीट बघा. डाव्या हातात नोटा बोटांच्या बेचक्यांत खोचलेल्या, उजव्या हातात तिकिटाचं यंत्र, म्हणजे धरायला हात नाहीच. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित सैल, कमरेचा टेका बाकाच्या कडेला. घाटातलं वळण यायच्या क्षणभर आधीच तो आतल्या बाजूला कललेला असतो. रस्ता त्याला पाठ आहे. आपण उतारू वळण आल्यावर बाहेर फेकले जातो आणि म्हणतो, “अहो, ढकलू नका!” खरं तर कोणी ढकललेलं नसतं. आपण सरळच चाललो होतो, बस आपल्याखालून वळली. ब्रेक लागल्यावर पुढे तोल जातो तेव्हाही तसंच. पाय बसबरोबर थांबले, धड अजून मघाच्याच वेगाने चाललंय.

इथे दुसरा नियम लागतो, कारण तो हिशोबाचा नियम आहे. वस्तुमान किती, वेग किती बदलायचा, आणि किती वेळात, यावरून बल ठरतं. बस ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने चालली आहे आणि ड्रायव्हरने दोन सेकंदांत ती उभी केली. ६० किलोच्या उतारूला स्वतःला थांबवायला ३०० न्यूटन बल लागेल. ३० किलोचं पोतं तोलून धरायला लागतं साधारण तेवढं, दोन सेकंद. वरच्या दांड्याला धरलेला हात हे करू शकतो. म्हणून दांडा धरायचा.

आता तोच हिशोब चारचाकीत करू. गाडी ताशी ५४ किलोमीटरने जाऊन कशावर तरी आदळली आणि एक दशांश सेकंदात थांबली. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर १० किलोचं मूल आहे. त्याला थांबवायला १५०० न्यूटन बल लागेल, म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल वजन हातांवर पेलण्याइतकं. “मी घट्ट धरलंय ना बाळाला” हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. त्यामागच्या मायेबद्दल शंकाच नाही, पण माया या गणितात कुठेच मोजली जात नाही. बालकासाठी वेगळं आसन आणि पट्टा का, याचं उत्तर दंडाच्या पावतीत शोधू नये, या दोन ओळींच्या गुणाकार-भागाकारात शोधावं.

या हिशोबात आपल्या हातात असते ती वेळ. थांबायला जास्त वेळ मिळाला की बल तेवढं कमी. कोल्हापूरच्या तालमींमध्ये कुस्तीआधी लाल माती खणून भुसभुशीत करतात ती यासाठीच. पाठीवर आपटलेला पैलवान मातीत किंचित रुततो, आणि त्या रुतण्यात मिळालेला सेकंदाचा छोटासा तुकडा त्याच्या मणक्याला वाचवतो. झेल घेणारा खेळाडू हात मागे नेतो, हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा दबणारा थर असतो, मोटारीचं नाक चेपण्यासाठीच बनवलेलं असतं. सगळ्यांची युक्ती एकच.

तिसऱ्या नियमाची कथा वेगळी. तो सर्वांना पाठ असतो आणि फार थोड्यांना कळलेला असतो. एका वर्षी शेतकऱ्याच्या घरातल्या एका मुलाने मला विचारलं, “सर, बैल गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागे ओढते म्हणता. मग गाडी चालते कशी? आमची तर चालते.” वर्ग हसला. प्रश्न मात्र पहिल्या प्रतीचा होता. उत्तर असं: ही दोन बलं एकाच वस्तूवर लागत नाहीत, म्हणून ती एकमेकांना खोडू शकत नाहीत. गाडीचा विचार करताना फक्त गाडीवरची बलं बघायची: पुढे बैलाची ओढ, मागे चाकांचा आणि रस्त्याचा विरोध. ओढ जास्त झाली की गाडी निघाली. बैलाचा विचार करताना बैलावरची बलं बघायची, आणि तिथे खरा नायक सापडतो: जमीन. बैल खुराने जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. मी त्या मुलाला एवढंच विचारलं, “पावसाळ्यात चिखलात काय होतं?” तो लगेच म्हणाला, “बैलाचे पाय घसरतात, गाडी रुतते. मग आम्ही चाकापुढे दगड-पाला टाकतो, बैलाच्या पायाखाली पण.” जमिनीने उलट रेटायचं नाकारलं की जगातला सगळ्यात ताकदवान बैलही हतबल. चेंडूला थांबवणारी घासणूकच बैलाला चालवते. घर्षणाला नुसतं खलनायक ठरवणाऱ्यांनी तेल सांडलेल्या फरशीवरून एकदा चालून बघावं.

याच नियमाची सर्वांत जास्त हेळसांड भाषणांत आणि मथळ्यांत होते. कुठे दगडफेक झाली, त्याला उत्तर म्हणून जाळपोळ झाली, की ‘क्रियेला प्रतिक्रिया’ हे शब्द हमखास येतात, जणू निसर्गनियमानेच काड्यापेटी पेटवली. न्यूटनची प्रतिक्रिया नंतर येत नाही, क्रियेबरोबर त्याच क्षणी असते. ती कमी-जास्त होत नाही. तिला राग नसतो, निवड नसते. माणसाच्या सुडाला यातलं काहीच लागू नाही. त्याला कारण माणूस असतो आणि जबाबदारही तोच.

पुस्तकात गणित आहे, पण सातवी-आठवीच्या पलीकडचं नाही. प्रकरणं कुठूनही वाचता येतील. जात्यापासून सुरुवात केली तरी चालेल, रॉकेटपासून केली तरी. एक पथ्य मात्र पाळावं. काही हललं, थांबलं, वळलं की मनातल्या मनात वाक्य प्रयोजक करून बघावं आणि विचारावं, कोणी? ‘फांदी हलवली की चिंचा पडल्या’ यात फांदीला हात लागला हे कळलं. चिंचांना कोणाचा लागला, की लागलाच नाही?

आणि पुढच्या एसटीच्या प्रवासात एक प्रयोग करावा. पाण्याची बाटली जवळजवळ काठोकाठ भरावी, एकच बुडबुडा राहील एवढी, आणि झाकण लावून बसच्या दिशेने मांडीवर आडवी धरावी. गाडी सुटताना तुम्ही मागे रेलाल, शेजारी मागे रेलेल, वरच्या फळीवरच्या पिशव्या मागे सरकतील. बुडबुडा मात्र बाटलीच्या पुढच्या टोकाकडे जाईल. ब्रेक लागला की सगळे पुढे झुकतील आणि तो मागे येईल. त्याला कोणी हलवलं, हे मी इथे सांगत नाही. पुढचा थांबा येईपर्यंत तुम्हाला वेळ आहे.